नदीकाठचे चौदा एकर: अंधारीच्या खोऱ्यातले एक प्रकरण

ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या बफर क्षेत्राला, म्हणजे गाभ्याच्या जंगलाभोवतीच्या पट्ट्याला, लागून असलेल्या एका गावात नदीकाठची चौदा एकर धानाची जमीन बाहेरच्या लोकांनी विकत घेतली आणि थोड्याच काळात तिथे चाळीस खोल्यांच्या रिसॉर्टचा आराखडा पुढे आला. गाव, तिथली नदी आणि खरेदीदार यांची नावे इथे देत नाही. काही अर्ज अजून निकाली निघालेले नाहीत. शिवाय जमीन विकणारे घर आणि रिसॉर्टला विरोध करणारी घरे एकाच हातपंपावर पाणी भरतात, आणि त्यांना पुढेही तिथेच राहायचे आहे. सामूहिक वनहक्काच्या, म्हणजे जंगलावरचा गावाचा एकत्रित हक्क मिळवण्याच्या, कामामुळे आमचे या गावात आधीपासून जाणे-येणे होते, म्हणून हे प्रकरण सुरुवातीपासून जवळून पाहता आले.

ते सविस्तर मांडायचे कारण असे की अशीच विचारणा आता आजूबाजूच्या गावांतून होऊ लागली आहे. मोहर्ली, कोलारा या प्रवेशद्वारांभोवती हॉटेलांची दाटी झाली आहे. नवी जागा शोधणारे आता आतल्या गावांत, नदी-नाल्यांच्या काठाने हिंडतात. त्यांचा रस जंगलापेक्षाही पाण्यात असतो, कारण जिथे उन्हाळ्यात पाणी टिकते तिथे जनावर येते.

नदी

अंधारी लहान नदी आहे. ताडोब्याच्या जंगलातून दक्षिणेकडे वाहत ती वैनगंगेला मिळते. वैनगंगा आणि वर्धा एकत्र आल्या की त्यांची प्राणहिता होते आणि सिरोंच्याजवळ ती गोदावरीत जाते. आपल्या प्रकरणातली नदी ही अंधारीची उपनदी. तिच्यावर धरण नाही, कालवा नाही. तिच्या काठाने अर्जुन, जांभूळ, करंज आणि उंबराची सलग रांग आहे.

पावसाळ्यात ती दोन्ही काठ भरून वाहते. दिवाळीनंतर धार बारीक होते, होळीच्या सुमारास तुटते, आणि मग उरतात ते डोह. वरून पाहिले तर ही एकमेकांपासून तुटलेली डबकी वाटतात. पण त्यांच्यामधल्या वाळूत पाणी असते, हळूहळू पाझरत असते. वरच्या डोहाजवळ काही झाले तर खालच्या डोहाची पातळी बदलते. चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा 46-47 अंशांवर जातो. त्या दिवसांत हे डोह म्हणजे कित्येक कोसांतले जिवंत पाणी. वाघ, रानगवा, सांबर, रानकुत्री तिथे येतात. अर्जुनाच्या ढोलीतून संध्याकाळी मत्स्यघुबडाचा घुमणारा आवाज येतो.

माणसांचेही तेच पाणी. गावचा ढोरकी गुरे घेऊन रोज एका ठरलेल्या वाटेने घाटावर उतरतो. हातपंप कोरडा पडला की बाया वाळूत झिरा, म्हणजे पाझरत्या पाण्याचा खड्डा, करून पाणी काढतात. ढिवरांची घरे या डोहांवर मासे मारतात. त्यांच्यातले एक वयस्क काकाजी सांगत होते, ‘डोह आटला म्हणून मासा सरला असं नाई गा. चिखलात ओल असते तोवर मरळ दम धरून राहाते.’ ते खरे आहे. मरळ हवेतून श्वास घेऊ शकते, म्हणून थोड्या ओलीवर ती तग धरते. पहिला जोराचा पाऊस झाला की हेच मासे प्रवाहाविरुद्ध चढतात, थेट धानाच्या बांध्यांपर्यंत, म्हणजे बांध घातलेल्या खाचरांपर्यंत, जातात आणि तिथे अंडी घालतात. पुढच्या वर्षीचा मासा त्या चार-आठ दिवसांच्या चढणीवर ठरतो. नदीत आडवे काहीही बांधले की ही चढण बंद.

विकली गेलेली चौदा एकर जमीन सगळ्यात खोल डोहाच्या काठी, नदीच्या बाहेरच्या वळणावर आहे. ढोरांची वाट तिच्यातूनच घाटाकडे जाते.

प्रस्ताव आणि विक्री

जमीन विकणाऱ्या घराला दोष देण्यासारखे काही नाही. रानडुकरांनी धान तुडवायचा, वाघाच्या भीतीने रात्रीची राखण थांबलेली, नुकसानभरपाई मिळायची ती उशिरा आणि अपुरी. त्यात घरात एक आजारपण आणि एक लग्न. तीन हंगाम बांध्या पडीत होत्या. अशा वेळी भातशेतीच्या कितीतरी पट भाव देणारा माणूस दारात आला तर विकणारा विकणारच. नदी वाचवायची गोष्ट बोलताना बफरमधल्या शेतकऱ्याला शेती परवडत नाही ही बाजू सोडून दिली, तर ते बोलणे गावात कोणी ऐकून घेत नाही, आणि घेऊही नये.

आराखड्यात चाळीस खोल्या, भोजनगृह, पोहण्याचा तलाव, डोहाकडे तोंड केलेला लाकडी सज्जा, नदीच्या बाजूने दगडी संरक्षक भिंत, दोन बोअर आणि डोहाच्या खालच्या बाजूला एक ‘छोटा बंधारा’ होता. बंधाऱ्यामुळे पाणी वर्षभर साठून राहील आणि पाहुण्यांना त्यात नाव वल्हवता येईल अशी कल्पना. आराखड्याबरोबर ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखलाही जोडलेला होता. तो मासिक सभेत दिला गेला होता. ग्रामसभेपुढे विषय आलाच नव्हता. गावाला हे कळले ते जेसीबीने घाटाच्या वाटेवर खड्डे पाडून खांब रोवायला सुरुवात केली तेव्हा. ढोरकी गुरे घेऊन परत फिरला, आणि त्या दिवसापासून प्रकरण सुरू झाले.

पाण्याचा हिशोब

महिला ग्रामसभेत पहिला प्रश्न पाण्याचा निघाला. बचत गटाचा हिशोब ठेवणाऱ्या एका बाईने फळ्यावर गणित मांडले. चाळीस खोल्या, खोलीत दोघे, म्हणजे ऐंशी पाहुणे. राष्ट्रीय इमारत संहितेत हॉटेलातल्या माणसामागे दिवसाला 180 लिटर पाणी धरतात. म्हणजे 14,400 लिटर. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या माणसाला 55 लिटर. ऐंशी पाहुण्यांच्या पाण्यात गावातली 260 माणसे भागतात. साधारण सातशे वस्तीच्या गावाला हा आकडा लगेच कळला. 15 मीटर लांब, 6 मीटर रुंद आणि सरासरी 1.2 मीटर खोल अशा पोहण्याच्या तलावात एका भरण्याला 1,08,000 लिटर लागतात, हे त्यापुढचे.

आराखडा करणाऱ्या अभियंत्याने याला दिलेले उत्तर नीट ऐकण्यासारखे होते. एक एकर उन्हाळी धान दिवसाला याहून जास्त पाणी पितो, मग त्याला का नाही अडवत, असे त्याचे म्हणणे. आकडा बरोबर आहे. पण त्या काठावर उन्हाळी धान होत नाही, कारण तिथे कालवा नाही आणि नदीतून तेवढे पाणी उपसताच येत नाही. शिवाय हंगामाचा प्रश्न आहे. ताडोब्याच्या गाभा क्षेत्रातले पर्यटन पावसाळ्यात बंद असते आणि सर्वाधिक गर्दी एप्रिल-मेमध्ये होते, कारण तेव्हा वाघ पाण्यावर येतो. म्हणजे रिसॉर्टची तहान नेमकी तेव्हा शिगेला पोहोचणार, जेव्हा नदीची पातळी सगळ्यात खाली असते.

तरीही माझे मत असे की या प्रकरणात पाणी किती उपसले जाईल यापेक्षा दुसऱ्या तीन गोष्टी जास्त घातक होत्या. पहिली, सांडपाणी. वापरलेल्या पाण्यातले बहुतांश सांडपाणी होते. आराखड्यात ते सेप्टिक टाकी आणि शोषखड्ड्यात सोडले होते, आणि शोषखड्डा डोहापासून थोड्याच अंतरावर, वाळूमिश्रित मातीत. वाळू पाणी गाळते हे खरे, पण भरून वाहणारा शोषखड्डा आणि डोह यांच्यात एवढीच वाळू असेल तर तो मैला पाझरत डोहातच येणार. त्या डोहाच्या खाली झिरे आहेत.

दुसरी, भिंत. नदीच्या बाहेरच्या वळणावर पाण्याचा जोर सगळ्यात जास्त असतो. मातीचा काठ, मुळे आणि झुडपे तो जोर थोडा थोडा झेलतात. तिथे दगडी भिंत बांधली की पाणी तिच्यावरून निसटून पुढच्या काठावर आदळते. पुढचा काठ दुसऱ्या गावाच्या शिवारातला. त्यांच्या बांध्या कापल्या गेल्या असत्या आणि त्यांना त्याचे कारणही कळले नसते.

तिसरी, बंधारा. त्याने चढणीचे मासे अडले असते. वरून येणारी वाळू बंधाऱ्यामागे साठून खालच्या डोहांना मिळाली नसती. आणि मेमध्ये जे पाणी वाळूतून खाली पाझरते ते वरच अडले असते. चाळीस खोल्यांतल्या पाहुण्यांना नाव वल्हवता यावी म्हणून खालच्या दोन गावांचे झिरे कोरडे पडले असते. ही गोष्ट समजली तेव्हा खालच्या गावांची माणसे पहिल्यांदा बैठकीला आली.

कोणता कायदा लागू होतो

इथे सगळ्यात जास्त वेळ गेला, म्हणून थोडे सविस्तर.

गाव अनुसूचित क्षेत्रात येत नाही, त्यामुळे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जास्तीचे अधिकार देणारा 1996 चा पेसा कायदा लागू नाही. शेजारच्या गडचिरोलीतली उदाहरणे देऊन उपयोग नव्हता. पर्यावरण परवानगीसाठी 2006 ची अधिसूचना आहे, पण ती 20,000 चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकामाला लागू होते. जंगलाकाठचे रिसॉर्ट त्याच्या आसपासही जात नाही. संरक्षित क्षेत्रांभोवतीच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रांच्या अधिसूचनांत नव्या हॉटेल-रिसॉर्टना हद्दीपासून 1 किलोमीटरच्या आत सहसा मनाई असते. ही जमीन त्या पट्ट्याच्या बाहेर. महाराष्ट्रात नदीकाठच्या उद्योगांसाठी 2000 पासून नदी नियमन क्षेत्र धोरण होते. ते मुख्यतः प्रदूषण करणाऱ्या उद्योगांसाठी असले तरी नदीपासूनचे अंतर मोजण्याची त्यात निदान सोय होती. फेब्रुवारी 2015 मध्ये ते रद्द झाले.

म्हणजे उरले काय? अकृषक वापराची परवानगी महसूल खात्याकडे. नकाशा मंजुरी नगर रचनेकडे. पाणी आणि सांडपाण्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती. बोअरसाठी 2009 चा महाराष्ट्र भूजल कायदा, ज्यात 60 मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधन आहे. पूररेषा जलसंपदा विभागाकडे. 25 वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि 100 वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत बांधकाम करता येत नाही. पण अशा लहान नद्यांच्या पूररेषा बहुतेक ठिकाणी आखलेल्याच नसतात, इथेही नव्हत्या.

प्रत्येक टेबलावर एक गट नंबर जातो, त्या गट नंबरापुरते उत्तर मिळते आणि फाईल पुढे सरकते. या गट नंबरात बांधलेल्या भिंतीने नदीच्या पलीकडच्या गट नंबराचे काय होईल, हे विचारणारे टेबल कुठेच नाही. नदी मात्र एका गट नंबरात राहत नाही. या प्रकरणात जे काही हाती लागले, ते आम्ही हा तुटलेला धागा जोडायचा प्रयत्न केला म्हणून.

सुरुवात सातबाऱ्यापासून झाली. जमिनीच्या सातबाऱ्यावर सुमारे एक एकर क्षेत्र ‘पोटखराब (ब)’ म्हणून नोंदलेले होते. पोटखराब (अ) म्हणजे खडकाळ, लागवडीला नालायक जमीन. (ब) म्हणजे रस्ता, नाला, पाणवठा अशा सार्वजनिक कामासाठी राखलेली जमीन, जी खासगी मालकीच्या गटात असली तरी मालकाला मन मानेल तशी वापरता येत नाही. आराखड्यात ती एक एकर सरळ एकूण क्षेत्रात धरली होती. तिच्यावरच सज्जा आणि भिंत दाखवली होती. विकणाऱ्याला हे ठाऊक नव्हते. विकत घेणाऱ्याच्या वकिलाला ठाऊक असायला हवे होते.

त्याहून मोलाचा कागद जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात सापडला. आपला हा भाग जुन्या मध्य प्रांतातला. इथे मालगुजारी, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या गावमालकांची पद्धत, होती आणि ती 1951 मध्ये संपली. गावकऱ्यांना मालगुजाराच्या जंगलात, पडीत जमिनीत, तलावात जे वहिवाटीचे हक्क होते ते निस्तार पत्रकात आणि वाजिब-उल-अर्जात लिहून ठेवले गेले. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही ते कलम 161 आणि 165 मध्ये कायम आहेत. दोन्हींत महत्त्वाचा फरक आहे. निस्तार पत्रक सरकारी पडीत जमिनीच्या वापराचे. वाजिब-उल-अर्ज सरकारी नसलेल्या जमिनीतल्या आणि पाण्यातल्या रूढींचे, म्हणजे वाट, पाणी, मासेमारी यांचे. आपला घाट आणि वाट खासगी गटात होती, म्हणून आम्हाला दुसरा कागद हवा होता. नक्कल मिळाली. जुन्या वळणाच्या अक्षरात त्यात ढोरांना पाण्यावर नेण्याच्या वाटेची आणि ढिवरांच्या मासेमारीची नोंद होती.

विदर्भाच्या पूर्व भागातल्या कोणत्याही गावाने हा कागद काढून ठेवावा असे मला कळकळीने वाटते. पोट भरण्यासाठी वाट आणि घाट वापरणाऱ्या माणसांना आपला हक्क कुठेतरी लिहिलेला आहे हे माहीतच नसते, आणि जमीन विकत घेणारा येतो तेव्हा ‘कागद दाखवा’ एवढ्या दोन शब्दांनी त्यांचे तोंड बंद होते.

तिसरा आधार 2006 च्या वनहक्क कायद्याचा. तो अनुसूचित क्षेत्राबाहेरही लागू आहे. त्याच्या कलम 5 नुसार ग्रामसभेला वन्यजीव, जंगल, पाणलोट आणि पाण्याचे स्रोत जपण्याचा अधिकार आहे. देशात सामूहिक वनहक्क सगळ्यात आधी मिळवणाऱ्या गावांत गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) होते, 2009 मध्ये. तेव्हापासून पूर्व विदर्भातल्या अनेक गावांनी हे हक्क मिळवले आहेत. या गावाचा दावा समोरच्या काठावरच्या जंगलासाठी दाखल होता. कायदा खासगी जमिनीवर चालत नाही, पण नदीचा एक काठ खासगी आणि दुसरा काठ सामूहिक वनात असेल तर मधल्या पाण्याबद्दल ग्रामसभेला विचारावेच लागेल, असा युक्तिवाद केला. त्याला पूर्ण यश आले असे म्हणता येणार नाही, पण सुनावणीत तो नोंदला गेला.

वन विभागाकडेही एक दार होते. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या ऑक्टोबर 2012 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रत्येक व्याघ्र प्रकल्पासाठी स्थानिक सल्लागार समिती असायला हवी. बफरमधल्या पर्यटन सोयींवर लक्ष ठेवणे हे तिच्या कामातच येते. ग्रामसभेचा ठराव त्या समितीलाही पाठवला.

स्थळपाहणी

उपविभागीय अधिकाऱ्यांनी संयुक्त पाहणीचा आदेश दिला. मंडळ अधिकारी, तलाठी, भूमी अभिलेखचा भूमापक, वनरक्षक, खरेदीदाराचे अभियंते आणि तिन्ही गावांची माणसे एका सकाळी डोहावर जमली. मार्च संपत आला होता. नदी कोरडीच दिसत होती. अभियंत्याने नकाशा पसरला आणि सांगितले की बांधकाम पाण्यापासून 30 मीटरवर आहे, पूर इथवर येतच नाही.

भूमापकाने पट्टी लावली. डोहातल्या पाण्याच्या कडेपासून मोजले तर 30 मीटर भरत होते. सगळे खाली पाहत होते, पट्टीकडे. तेव्हा मागून एक म्हातारी बाई बोलली, ‘साहेब, खाली काय पाहून रायले? वर पाहा ना.’

वर अर्जुनाच्या फांद्यांत गेल्या पावसाळ्यातला काडीकचरा अडकलेला होता. वाळलेले गवत, बांबूचे तुकडे, एक फाटकी चप्पल, प्लॅस्टिकची पिशवी. सगळे एकाच उंचीवर, झाडामागून झाड, काठाने सरळ रेषेत. एका पोराने झाडावर चढून पट्टीचे टोक धरले. जमिनीपासून फांदीतल्या गवतापर्यंत माणसाच्या डोक्याच्या वर पाणी चढलेले होते. तीच पातळी पकडून भूमापकाने आडवी नजर लावली, तर ती रेषा आराखड्यातल्या भोजनगृहाच्या पलीकडे जात होती. मंडळ अधिकाऱ्यांनी ते पंचनाम्यात लिहून घेतले. प्रत्येक झाडावरची खूण मोजली, फोटो काढले, तिन्ही गावांच्या लोकांच्या सह्या आणि अंगठे घेतले.

पूररेषा आखायला जलसंपदा विभागाचे शास्त्र लागते. हा पंचनामा म्हणजे पूररेषा नव्हे. पण पूररेषा आखल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, एवढे त्याने सिद्ध केले. या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात भक्कम पुरावा फुकट मिळाला, आणि तो वाचायला त्या बाईला कुठलेही प्रशिक्षण लागले नाही. अशा बाईला पंचनाम्याच्या वेळी पुढे उभे केले पाहिजे. मागे उभे राहून तिने ते सांगावे लागले, ही आपल्या पाहण्यांची रीत बदलायला हवी.

गावातला वाद

ग्रामसभेत सगळेच विरोधात होते असे चित्र कोणी रंगवू नये. गावातली काही पोरे जिप्सी चालवतात, काही गाईड आहेत. त्यांच्यातल्या एकाने भर सभेत विचारले, ‘दादा, तुम्ही येता नि जाता. आमाले बारा महिने काम कोण देईन?’ सभा शांत झाली. त्याचे उत्तर आमच्याकडे तयार नव्हते आणि खोटे आश्वासन द्यायचे नव्हते.

पुढच्या बैठकीत हा प्रश्नच मुख्य विषय ठेवला. चाळीस खोल्यांच्या रिसॉर्टमध्ये गावातल्या किती जणांना काय काम मिळते, हे आधीच्या रिसॉर्टांत काम करणाऱ्या शेजारच्या गावांतल्या बाया आणि पोरांकडूनच ऐकले. झाडलोट, बागकाम, धुणे, पहारा. हंगामात काम, पावसाळ्यात घरी. व्यवस्थापक आणि स्वयंपाकी बाहेरचे. हे ऐकून काही पोरांची मते बदलली, काहींची नाही. ज्यांची बदलली नाहीत त्यांचेही चुकीचे म्हणता येत नाही. महिन्याला येणारा ठरलेला पगार ही या भागात फार मोठी गोष्ट आहे.

शेवटी ठरावाचा मजकूर या पोरांनीच बदलवून घेतला. ‘रिसॉर्टला विरोध’ हे शब्द काढले. त्याऐवजी नदीच्या काठापासून पूररेषेपलीकडे, भिंतीशिवाय, बंधाऱ्याशिवाय, घाटाची वाट मोकळी ठेवून आणि सांडपाण्यावर प्रक्रिया करून जे काही बांधायचे ते ग्रामसभेपुढे आणावे, असे लिहिले. गावातल्या घरांत पाहुणे ठेवण्याची सोय करणाऱ्यांना ग्रामपंचायतीने मदत करावी, हेही त्यात आले. मासिक सभेत दिलेली ना-हरकत मागे घेतली. मला हा ठराव आधीच्या मसुद्यापेक्षा कितीतरी चांगला वाटतो, कारण त्यावर गावातल्या दोन्ही बाजू सही करू शकल्या.

आज स्थिती काय आहे

उपविभागीय अधिकाऱ्यांनी आराखडा परत पाठवला. पोटखराब (ब) क्षेत्र बांधकामातून वगळायचे, घाटाची वाट अडवायची नाही, नदीपात्रात कोणतेही बांधकाम करायचे नाही आणि जलसंपदा विभागाकडून पूररेषा आखून घेतल्याशिवाय पुढे अर्ज करायचा नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले. रोवलेले खांब निघाले. गुरे पुन्हा त्याच वाटेने उतरतात. खरेदीदाराने सोळा खोल्यांचा नवा आराखडा रस्त्याच्या बाजूला सरकवून तयार केला आहे. पूररेषेचे काम बाकी असल्याने तो अजून दाखल झालेला नाही. सोळा खोल्यांचे सांडपाणी कुठे जाणार, यावर ग्रामसभेने आधीच लेखी प्रश्न देऊन ठेवले आहेत.

हे यश आहे, आणि त्याची मर्यादाही डोळ्यांसमोर आहे. या खटाटोपात एक भिंत आणि एक बंधारा थांबला. याच नदीवर, वरच्या गावाच्या शिवारात, नऊ एकरांचा सौदा याच काळात झाला. तिथला डोह लहान आहे, पण आपल्या डोहाला पाझरणारे पाणी तिथूनच येते. तिथल्या ग्रामसभेला आमच्या पंचनाम्याचा, आमच्या ठरावाचा उपयोग आपोआप होत नाही. प्रत्येक गट नंबरासाठी, प्रत्येक गावासाठी लढाई पुन्हा पहिल्यापासून. खोऱ्याला एक मानून विचार करणारी शासकीय यंत्रणा जोवर नाही, तोवर ते काम गावांना मिळूनच करावे लागेल, आणि ते त्यांच्यावर लादलेले जास्तीचे ओझे आहे, हे शासनाने मान्य करायला हवे.

तिन्ही गावांनी मिळून काही कामे ठरवली आहेत. दर मे महिन्यात सगळ्या डोहांची खोली बांबूने मोजून एका वहीत लिहायची. पुराच्या खुणा दरवर्षी ऑक्टोबरमध्ये, काडीकचरा वाळून पडण्याआधी, फोटोसह नोंदवायच्या. 2002 च्या जैवविविधता कायद्याखालच्या समित्यांकडून लोकजैवविविधता नोंदवहीत डोहातले मासे आणि चढणीच्या जागा घालून घ्यायच्या. आंबोलीत शिस्टुरा हिरण्यकेशी या माशाच्या अधिवासाला 2021 मध्ये जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. एका छोट्या झऱ्यातल्या माशासाठी ते होऊ शकत असेल तर वाघ आणि मरळ दोघांनाही जगवणाऱ्या डोहांच्या साखळीसाठी तसा प्रस्ताव करून पाहावा, असे मत पडले. तो मंजूर होईलच असे नाही, पण त्या निमित्ताने सगळ्या गावांची नोंद एका कागदावर येईल.

वरच्या गावाच्या वाजिब-उल-अर्जाची नक्कल हाती आली आहे. त्यात डोहातल्या मासेमारीची नोंद आहे, घाटाकडे जाणाऱ्या वाटेची नाही. वाट मात्र अजून वापरात आहे, आणि नव्या मालकाने कुंपण घातलेले नाही. म्हणून तेंदूपत्त्याचा हंगाम सुरू होऊन माणसे जंगलात जाण्याआधी त्या वाटेची मोजणी मागायची, ढोरकी आणि म्हाताऱ्या माणसांचे जबाब तलाठ्यासमोर नोंदवायचे आणि ग्रामसभेचा ठराव उपविभागीय कार्यालयात आवक-जावकला देऊन पोच घ्यायची, असे ठरले आहे. मोजणीचा अर्ज गेला आहे.